धरून ठेवलेली खुर्ची
मक्याच्या ब्रेडचा वास आला की मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका चर्चचं तळघर आठवतं. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. घरमालकीण आजी दर बुधवारी मला बायबलच्या वर्गाला न्यायची आणि मी जायचे ती गरम सूपसाठी. त्या दिवशीचा प्रश्न असा होता, की पहिले ख्रिस्ती तर ज्यू होते, मग इतरांना तारण, म्हणजे मुक्ती, हवी असेल तर त्यांनीही ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम पाळायचे का? येशूचा शिष्य पीटर या इतरांबरोबर जेवायचा, पण जेरुसलेमहून कर्मठ मंडळी आली तसा त्यांना भिऊन जेवणावरून उठून गेला, असं पाद्रीबाईंनी सांगितलं. मग सूप आलं, माझं भाज्यांचं आणि आजीचं बीफचं. तेवढ्यात मराठी मंडळाच्या काकू दिवाळीसाठी हॉल बघायला आल्या. "अगं, तू बीफच्या टेबलावर? आईला माहितीये का?" मी वाडगा उचलून दुसरीकडे गेले. "निघाला आमचा पीटर," आजी हसत म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. काकू गेल्यावर मी परतले, तर माझ्या खुर्चीवर पर्स ठेवून आजीने जागा धरली होती. पर्स उचलत ती म्हणाली, "बस, ब्रेड गार होतोय." आता मंडळातल्या विद्यार्थिनी मलाच काकू म्हणतात. मला बघून एखादी बीफच्या टेबलावरून वाडगा उचलायला लागली, की मी तिच्याच शेजारी खुर्ची ओढते.