आत्याच्या डिस्का

आमच्या आत्याच्या हाती लागलेली हार्डडिस्क मेल्याशिवाय निवृत्त होत नाही. आत्या स्वतः मात्र वेळेवर निवृत्त झाली. परभणीच्या एका कॉलेजात तिने कॉम्प्युटर लॅब सांभाळली आणि झरीच्या घरी एकटी राहायला आली, ती पिशवीभर जुन्या डिस्का घेऊनच. लिनक्सवर त्या सगळ्या जोडून तिने एकच मोठा साठा केला आणि त्यातून आम्हा नातेवाइकांना फोटो ठेवायला एकेक व्हॉल्यूम, म्हणजे त्या साठ्यातला स्वतंत्र कप्पा, कापून दिला. जागा कमी पडली तर व्हॉल्यूम वाढवता येतो, त्यासाठी कॉम्प्युटर बंदही करावा लागत नाही, हे ती दूधवाल्यालाही समजावून सांगे.

वाटणीचा कायदा मात्र तिचा स्वतःचा. भेटायला येईल त्याची जागा वाढे. मानवतचा धाकटा काका दोन दिवाळ्या फिरकला नाही, तर तिने फोन करून त्याचा व्हॉल्यूम निम्मा केल्याचं कळवलं. काकाने घाबरून फोटोंचं विचारलं.

"हायेत की. आधी आतलं सामान आवरलं, मग भिंत सरकवली. उलटं केलं असतं तर तुझं लग्न गेलं असतं."

काका पुढच्या रविवारी हजर.

मी परभणीतच, जवळ; तरी महिनोनमहिने जाणं होत नसे. एकदा तिचाच फोन आला. एक डिस्क खराब व्हायला लागली होती, तिच्यावरचं सगळं हलवायला नवी हवी होती. मी घेऊन गेलो. तिने शेजारच्या खुर्चीवरची वाळलेली धुणी उचलून मला बसायला जागा केली. अकराला काम सुरू झालं. जुनी डिस्क कुरकुरत होती. मध्येच बसली असती तर साऱ्या घराण्याचे फोटो गेले असते. पडद्यावर टक्का मुंगीच्या पावलाने सरके. आत्याने शेंगा भाजल्या, आणि ती बोलत राहिली. लॅबमधल्या गमती, शेजारणीची गुडघेदुखी, मग पुन्हा लॅबमधल्या त्याच गमती. इतक्या दिवसांचं साठलेलं असावं.

चारला शंभर टक्के झाले. काहीच गेलं नव्हतं. मी उठून चप्पल घालू लागलो.

आत्या पडद्याकडेच बघत म्हणाली, "ती दुसरीबी जरा आवाज करायलीय. तिच्यावरचंबी हलवून घ्यावं म्हणते."

मी वाकून कान लावला. डिस्क अगदी निरोगी, शांत फिरत होती.

"किती वेळ लागंल?" मी विचारलं.

"लागतील तीन-चार तास."

मी चप्पल काढून परत आत आलो.