चौथी अवस्था

मला काहीही झालेलं नाही. रक्त, साखर, फुप्फुसं, सगळं जागच्या जागी आहे. हे जाहीरपणे लिहून देण्याची पाळी माझ्यावर आली ती सासुरवाडीमुळे, आणि त्याहून जास्त बायकोमुळे!

तुमसरला माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं (म्हणजे बहुतेक वेळ) की मी विज्ञानकथा लिहितो. आजवर एकही छापून आली नव्हती, आणि घरात तर माझी एक ओळ कुणी वाचली असेल तर शपथ! पण यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा चक्क फोन आला. कथेचा शेवट उद्या संध्याकाळपर्यंत आला तर छापतो, म्हणाले. माझ्या कथेतलं यान प्लाझ्माचं कवच पांघरून उल्कांमधून वाट काढतं. "हा प्लाझ्मा म्हणजे नक्की काय हो?" त्यांनी विचारलं आणि मी सुटलो.

"ही चौथी अवस्था, साहेब! लोकांना पहिल्या तीनच माहीत. चौथीत गेलं की सगळंच वेगळं! नाही नाही, आता लांबवत नाही. उद्या संपवतो!"

स्वयंपाकघरात सुनंदाची पोळी करपली. आता सख्ख्या नवऱ्याला "काय झालं?" एवढं तरी विचारावं की नाही? नाही! तिने सरळ करडीला, माहेरी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी शेवटाच्या ऐन भरात असताना दारात गाडी थांबली. सासूबाई रडतच आत आल्या. मागे मामाजी, म्हणजे माझे सासरे, गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांच्या मागे साळा राजू, हातात जिवंत मासोळ्यांची बादली. (आजाऱ्याला रस्सा पाजायला!)

"कायले लपवून ठेवलं जी, जवाईबापू?" मामाजी म्हणाले. "चौथी इस्टेज म्हणजे का सर्दी-पडसं हाये?"

"कुणाची चौथी स्टेज?"

"अवो माय! ध्यानातबी नाही राहिलं त्याईच्या!" सासूबाईंनी हंबरडा फोडला.

"मामाजी, मी प्लाझ्माबद्दल बोलत होतो!"

ही माझी घोडचूक. राजूने बाही वर केली. "जिजाजी, माहा घ्या! करोनात देल्ला होता मी. कुठी जाचं, भंडाऱ्याले?"

"अरे, रक्तातला नाही रे! यानाचा प्लाझ्मा!"

सुनंदाचे अश्रू जागच्या जागी वाळले. "ही याना कोन?"

मी कपाळावर हात मारला. मग पदार्थाच्या अवस्था एकेक करून समजावल्या. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवलं की वाफ. "आणि वाफ आणखी तापवत राहिलं तर?"

"गंज करपते," सासूबाई म्हणाल्या. रोज चुलीवर भाताचा गंज ठेवणाऱ्या बाईशी मी काय वाद घालणार!

शेवटी मी धडधाकट आहे हे सगळ्यांना पटलं. माणसांनी आनंदाने उड्या माराव्यात! पण मामाजींचा चेहराच पडला.

"म्हणजे बिमार नाही?"

"नाही!"

"थोडेसेबी नाही?" त्यांनी आशेने विचारलं.

"आता आलेच हायेत, तं वाचून तं दाखवा," सुनंदा म्हणाली. "काय लिवून राहिले ते समजू द्या आमाले."

संताप गिळून मी वाचायला बसलो. पहिल्या पानावर सासूबाई घोरायला लागल्या. राजूने मोबाईल काढला. सुनंदा मासोळ्या साफ करायला उठून गेली. फक्त मामाजी टक लावून बसले होते. यानाचं कवच फुटलं, कप्तान एकटा अंधारात उरला, आणि मामाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले! माझा ऊर भरून आला. मी वाचणं तिथेच थांबवलं, तोच शेवट ठेवला आणि तिथल्या तिथे संपादकांना कथा पाठवली. सोबत लिहिलं, 'वाचक अक्षरशः रडले!'

मग मामाजींचा हात धरला. "कप्तानाचं वाईट वाटलं ना, मामाजी?"

"कोन कप्तान?" त्यांनी नाक ओढलं. "ऐन धानाच्या रोवणीत आलो ना जी आमी! लावाले उपटलेले परे तसेच पडले हायेत, बाया वावरातल्या बांधीत बसून राहिल्या असतीन. वाळून जाईन ना सारा धान!"

दिवाळी अंकात कथा आली. वर ठळक अक्षरांत, 'डोळ्यांत पाणी आणणारी विज्ञानकथा'. डोळे मामाजींचे, पाणी रोवणीचं. खाली नाव तेवढं माझं!