हिरव्या कार्डावरची तिसरी ओळ

सोलापूरच्या या हॉटेलात मी कामासाठी दर महिन्याला उतरते. एकदाच येणाऱ्या पाहुण्याचं इथे पांढरं कार्ड असतं, नेहमीच्याचं हिरवं. माझं हिरवं आहे, त्यामुळे न मागता दोन उशा आणि बिनसाखरेचा चहा येतो. जास्तीचा शब्द कोणी बोलत नाही. ती मला इथली शिस्त वाटायची.

आज कॉम्प्युटर बंद होता, म्हणून काउंटरवरच्या सुनीताबाईंनी कार्डांचा डबा काढला. माझ्या कार्डावर उशा आणि चहाखाली तिसरी ओळ होती, ‘बोललेलं आवडत नाही.’

“हे कोणी लिहिलं?”

“मीच, मॅडम. पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणालात ना, किल्ली द्या, बाकी काही विचारू नका.”

आठवलं. त्या दिवशी मी आईला दवाखान्यात ठेवून आले होते.

याद्या मीही करते, किराण्यापासून औषधांपर्यंत. पण प्रत्येक यादीवर तारीख घालते, कारण यादीही शिळी होते. मी पेन मागून घेतलं, ती ओळ खोडली आणि शेजारी आजची तारीख घातली.

“मग एक विचारू?” सुनीताबाई लगेच म्हणाल्या. “एकटीला दोन उशा कशाला लागतात हो?”

मी बॅग खाली ठेवली.