चार कोरी पाने

मी बीदरकडचे आमचे गाव, मंठाळ, सोडले त्या सकाळी सुनंदावैनी गोठ्याशेजारी पोत्यावर बसली होती. तिचे ते चार दिवस होते. मी पिशवी घेऊन अंगणात आले तशी ती उठली, दोन पावले पुढे आली, आणि ओसरीवरून आई कडाडली, "तिथूनच बघ. जाणारणीला विटाळ नको." वैनी जागीच थांबली. एकेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातल्या पहिल्या नोकरीसाठी मी हैदराबादला निघाले होते, आणि जिचा हात धरावासा वाटत होता ती माझ्यापासून आठ हातांवर उभी होती. ते आठ हात मीही चालून गेले नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तुम्हा मंठाळकरांना पुष्कळ दोष देणार आहे.

माझा थोरला भाऊ, म्हणजे वैनीचा नवरा अण्णा, बसपर्यंत आला. "लगीन न्हाई केलीस, आता म्हातारपणी पोरीवानी हॉस्टेलात राहायलीस व्हय?" एवढे बोलून बस सुटण्याआधीच तो परतला.

मंठाळात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या तेथून निघून गेलेल्यांनो, मला लिहिण्याची सवय नाही. बाहेरून परीक्षा देऊन मी मानसशास्त्रात एम.ए. झाले, आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे घरात ज्वारी निवडली. चार माणसांत बोलणे मला आजही जमत नाही. राग मात्र ताजा आहे. तो नीट मांडायचा तर लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही.

हैदराबादेत मी ज्या संशोधन गटात लागले तो मासिक पाळी आणि मनाचे आजार यांचा संबंध शोधत होता. त्यांची रीत वेगळी होती. ज्या बायकांविषयी शोधायचे त्यांनीच प्रश्न ठरवायचे, रोजच्या नोंदी त्यांनीच ठेवायच्या आणि अर्थ लावतानाही त्यांनीच शेजारी बसायचे. मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू तिन्ही बोलता येत असल्यामुळे मला घेतले. ज्या गोष्टीचे नाव घरी मी कुजबुजतही घेतले नव्हते, तिच्याविषयी येथे टेबलाभोवती चहा पीत मीटिंगा चालत. वर्षभरात माझ्या तोंडी 'सायकल', 'मूड', 'एंट्री' असे शब्द बसले. मी सुधारले, असे मला वाटू लागले होते.

दुसऱ्या दिवाळीला मी नोंदवह्या घेऊन गावी आले. रोजचा मूड लिहा म्हणून त्या गल्लीतल्या बायकांना वाटताना शेजारची काशीबाई म्हणाली, "सासू कवा कवा डोक्यात जाती, ते बी लिवायचं का? मग एवढी पानं पुरणार न्हाईत बघ." बायका हसल्या. वैनी हसली नाही.

दर महिन्याला काही दिवस वैनी वेगळीच होई. भांडी आपटी, लेकरांवर धावून जाई. एकदा तर विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती. पाळी आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा शांत. गल्लीचा निकाल तयार होता: अंगात येते. आईचा निकाल त्याहून कठोर. "आमाला काय महिना नव्हता? आमी कुणी विहिरीवर जाऊन उभं राहिलो न्हाई." आणि त्या दिवाळीत अण्णाने जेवताना, तिच्याच हातची भाकरी मोडत सांगितले, "ज्वारीची रास झाली की हिला माहेरी सोडून येतो. कायमची. लेकरं इथंच राहतील."

मळणी होऊन रास लागायला तीन-साडेतीन महिने होते. वैनीनेही वही घेतली.

तीन महिन्यांनी वह्या हैदराबादेत आल्या. प्रत्येक वहीत दर महिन्याला चार-चार पाने कोरी. ज्या दिवसांसाठी सारा खटाटोप, नेमके तेच दिवस नाहीत. सोबतची तरुण मुलगी म्हणाली, "मॅडम, हा डेटा काढून टाकावा लागेल." मी मान डोलावली. आमच्या बायका अशाच, हे वाक्य माझ्या मनात आले. तुमच्यावर मी जेवढी चिडले आहे, तेवढीच त्या वाक्यासाठी स्वतःवर चिडले आहे.

मी वैनीला फोन लावला. "चार-चार दिवस कामून सोडलीस?"

"आता गं माय! त्या दिसांत वहीला कसं शिवू, अक्का? सरस्वती हाय न्हवं ती? तुमी एम.ए.ला होता तवा तुमी बी कुठं पुस्तकाला हात लावत होता? तुमी पोत्यावर, पुस्तक पाटावर, आन् मी पानं उलटायलते. इसरलात व्हय?"

विसरले होते. नवी नवरी होती ती तेव्हा. मी "हं" म्हटले की पान उलटायची. त्या पानांवर मी एम.ए. झाले, आणि तिच्याच हाती वही देताना मला ते आठवले नाही.

मी वही पुन्हा उघडली. कोरी पाने म्हणजे पाळीचे दिवस. इतक्या बिनचूक तारखा कोणी लिहूनही दिल्या नसत्या. त्यांच्या आधीच्या आठवड्यात वैनीचे अक्षर कागद फाडत होते. "आज धाकट्याला मारलं. कामून, ठाऊक न्हाई." "विहिरीकडं जाऊ ने म्हून दाराला आतून कडी घातली." मग चार कोरी पाने. मग: "आज बरं हाय. भाकरी फुगली." तिन्ही महिने असेच.

रास अंगणात पडली होती तेव्हा आमच्या गटातल्या मनोविकाराच्या डॉक्टरबाई बीदरला आल्या. मी वैनीला आणि अण्णाला तिथे घेऊन गेले. वैनीने त्यांच्यासमोर, अण्णाला शेजारी बसवून, आपली वही स्वतः वाचली. बाईंनी सांगितले की हा पाळीच्या आधी उसळणारा, ओळखता येणारा, उपचार असलेला आजार आहे. अण्णा म्हणाला, "म्हंजी येड न्हाई." त्याने तिला माहेरी सोडले नाही. औषध तोच आणतो. मात्र घरी परतल्यावर आईने मला दारातच अडवले. "घरातलं विटाळाचं कागदावर घालून बीदरला वाचायला लावलीस. ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको." अण्णा मागे उभा होता. मला ओलांडून तो आत गेला.

तुम्ही मला बोलावणार नाही, हे मला माहीत आहे. मी ते मागतही नाही. तरी दर दोन महिन्यांनी कामासाठी मंठाळला येते आणि गोठ्याशेजारी त्याच पोत्यावर बसते. उंबऱ्याच्या आतले घर माझे राहिलेले नाही. मागे पाहता, ते तेव्हाही महिन्याचे चार दिवस माझे नव्हतेच. वैनी चहा घेऊन येते. मागच्या खेपेला तिचे ते चार दिवस होते, तरी ती चहा करून अंगणात आली. ओसरीवरून आई ओरडली. वैनीने कप खाली ठेवला नाही. आठ हात चालत आली आणि माझ्या हातात दिला.