मोठ्यानं विचार करायची नोकरी

सोलापूर स्टेशनवर आईनं खिडकीतून डबा आत सरकवला आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. विसरशील बघ, तुझं काय खरं न्हाय." माझे वडील, अण्णा, शेजारी उभे होते. ते सांगोल्याला गणिताचे शिक्षक, शनिवारी घरी यायचे, सोमवारी परत. त्या दिवशी मुद्दाम रजा काढलेली. गाडी हलली तसं म्हणाले, "घाई करू नकोस. आधी नीट विचार कर, मग बोल." पुण्यात एका कन्सल्टिंग कंपनीत अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखत होती आणि ती नोकरी मला जिवापाड हवी होती.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना हसू येईल, पण अण्णांचा तोच सल्ला मला भोवला.

लेखी परीक्षा सहज सुटली. मग केस राउंड, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवून ती सोडवायला लावतात ती फेरी. समोरच्या बाईंनी विचारलं, "एका शहरातल्या औषधांच्या दुकानांचा नफा घटतोय. का, ते शोधा." मी मान खाली घालून कागदावर मांडणी करत बसले. अण्णांनी आम्हाला तसंच शिकवलेलं. गणित सोडवताना ओठ हलवायचे नाहीत, उत्तर आलं की हात वर. बाई वाट बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "उत्तर ठीक आहे. पण तुम्ही इथवर कशा आलात ते मला कळलंच नाही. इथं मोठ्यानं विचार करायचा असतो."

झालं! नकार आला. आता मोठ्यानं विचार कोण करतं हो? आमच्या गल्लीत तसं करणाऱ्याला डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात.

दुसऱ्या कंपनीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. तोवर पुण्यात घेतलेल्या भाड्याच्या खोलीत एकटीनं बोलून पाहिलं, आवाज फुटेना. शेवटी आईला फोन लावला. "आई, मी इंग्रजीत काहीबाही बोलणार, तू नुसतं ऐक."

"बोल की. मला कुटं काय काम हाय?"

काम होतंच. ती भाकरी थापत असायची, थपथप ऐकू यायची. मधूनच हुंकार द्यायची. एकदा खूप वेळ बोलून झाल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"लई भारी. काय कळलं न्हाय."

मी पोट धरून हसले. पण तिच्या हुंकारांवर माझी जीभ सुटली, आणि त्या दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली.

आता त्यांच्या गुडगावच्या ऑफिसात दिवसभर मोठ्यानंच विचार करते. कॉल, स्लाइड, क्लायंट. संध्याकाळी फ्लॅटचं कुलूप उघडलं की बोलायला कुणी नसतं. फार एकटं वाटतं, लपवण्यात काय अर्थ? सुरुवातीला आई हौसेनं विचारायची, "आज कुठल्या दुकानाचं गणित?" पण क्लायंटचं काम घरीसुद्धा सांगायचं नाही, असं मी कंपनीला लिहून दिलेलं. ती नुसतं "बरं" म्हणायची. मग फोन आखूड होत गेले. जेवलीस का, जेवले. ठेवू का, ठेव.

परवा फोन लावला, तर तो उचलतानाही ती कुणाशी तरी बोलत होती.

"कोण आलंय?"

"कोण न्हाय की." जरा लाजल्यासारखी हसली. "तू गेल्यापासनं मी बी बोलतीय एकटीच. ह्ये तर आठवडाभर सांगोल्यात. पीठ किती घ्यावं, भाकरी एक करावी का दोन, असलं. एकीसाठी तवा तापवायचा बी कंटाळा येतो बघ."

आजवर तिनंच ऐकलं होतं. तिच्या दिवसभराचं मी कधी विचारलंच नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

"मग माझ्याशी बोल ना."

"त्यात काय असतंय सांगण्यासारखं?"

"नसू दे."

ती बोलत राहिली. नळाचं पाणी, भिजलेल्या गाद्या, अण्णांचा खोकला. कुणी विचारलं तर मी अजून घर सोलापूरला आहे म्हणते. पण खरं सांगू? घर आता दोन ठिकाणी अर्धं अर्धं पडलंय आणि दोन्हीकडं एकेकच बाई राहते. बोलता बोलता ती उठली. तिकडं पिठाचा डबा वाजला.

"फोन ठिऊ नको," ती म्हणाली. "तू हायस तर दोन थापते."