डिक्लेअर करायचं काम

सेलूच्या बाजारात सिद्धोधनला नावानं हाक मारणारी माणसं कमीच. कुणी त्याला अनाउन्सर म्हणतं, कुणी पब्लिसिटीवाला, आणि पोरंसोरं तर नुसतंच ‘भोंगा आला, भोंगा आला’ करतात. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि हँडलजवळ माईक, एवढा त्याचा संसार. वीस वर्षं झाली, गावातली एक गल्ली त्यानं सोडली नाही.

कामाची वाटणी त्यानं पक्की करून ठेवली होती. साडीचा सेल निघाला की ती ॲड. नवं दुकान उघडलं की लाँचिंग. क्लासवाल्यांचं आणि पुढाऱ्यांचं प्रमोशन. कुणी वारलं, नळ येणार नसले, नाहीतर कुणाची म्हैस हरवली, तर ती अनाउन्समेंट. हसू नका, प्रत्येकाचा सूर वेगळा असतो! ॲडला गळा मोकळा सोडायचा, मयताच्या अनाउन्समेंटला खाली आणायचा. फक्त ‘दवंडी’ हा शब्द त्याच्यापुढं काढायची सोय नव्हती. एका कारकुनानं चुकून काढला, तर गडी आल्या पावली रिक्षा वळवून घरी गेला होता.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. त्याचा आजा आश्रुबा हलगी वाजवून दवंडी द्यायचा. पाटील सांगेल ते ओरडायचं. कुणाच्या जमिनीचा लिलाव, कुणाला वाळीत टाकलं, सगळं. नाही म्हणायची बिशाद नव्हती. छप्पन सालानंतर घरानं बौद्ध धम्म घेतला आणि आजानं हलगी विहिरीत फेकली. म्हणून नातवानं रिक्षावर भोंगा बांधला तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्याला धार लागली. “पुन्हा तेच का रे?” ती म्हणाली.

“तेच न्हाई, आई. आज्याला न्हाई म्हणता येत नव्हतं. मला येतंय.”

हे बोलणं त्याला आयुष्यभर पुरलं. दिवाळीच्या तोंडावर शिवाप्पांनी दुकानात बोलावलं तोवर पुरलं.

शिवाप्पा म्हणजे बाजारपेठेतले जुने कापडवाले. अख्खं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज कधी चढला नाही असा माणूस. सिद्धोधनचं पहिलं गिऱ्हाईक तेच. त्या दिवशी मात्र त्यांनी त्याला गादीवर बस म्हटलं नाही. एक कागद पुढं सरकवला.

“हे डिक्लेअर करायचंय. उद्या. बाजारचा दिवस हाय.”

सिद्धोधननं तो उभ्याउभ्याच वाचला. अप्पांची एकुलती एक लेक त्रिवेणी पुण्यात नोकरीला होती. तिनं सोबतच्या मुलाशी, जातीबाहेर, रजिस्टर लग्न केलं होतं. कागदावर लिहिलं होतं, तिचा आमच्या घराशी आजपासून कसलाही संबंध राहिलेला नाही.

“अप्पा, असलं मी बोलत न्हाई.”

“कामून? लोकं मेल्यावर बोलतोस ना? मला ती मेलीच.”

“असं नका बोलू हो! मेलेल्या माणसाला ऐकू येत न्हाई. हिला येईल.”

आतल्या दारात अप्पांची बायको चन्नबसम्मा उभी होती. तिचं तोंड पदरात होतं. अप्पांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. “तुला जमत नसंल तर परभणीहून गाडी मागवतो. ते लोक कागद बघत बी न्हाईत. वाजवतात अन् जातात.”

झालं! आता काय करावं माणसानं? नाही म्हणायचा हक्क होता, पण नाही म्हणून त्रिवेणी वाचत नव्हती. परक्या गाडीनं गावभर तिची बेअब्रू केली असती, आणि आपण हात धुऊन मोकळे. निदान आपल्या तोंडून ते खालच्या सुरात तरी निघेल. सिद्धोधननं कागद खिशात घातला. दुकानाची पायरी उतरताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी त्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चार वेळा अर्ध्यातच पुसलं. पाचव्यांदा जमलं. त्याची बायको सत्यशीला भाकरी थापता थापता ऐकत होती. “आश्रुबाबाला हेच बोलायला लावत होते ना ओ?” एवढंच ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्यानं रागारागानं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकलं. कुठं टाकायचं याचा विचार केला नाही. शिवाप्पांचं काम नेहमी त्यांच्या फोल्डरमध्ये जायचं, तसं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी अकराला बाजारपेठ माणसांनी फुलली होती. पहिल्यांदा आपल्या दुकानासमोर वाजवायचं, मला ऐकायचंय, अशी अप्पांची ताकीद होती. सिद्धोधननं रिक्षा लावली. अप्पा पायरीवर येऊन उभे राहिले. हात मागं बांधलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

त्यानं बटण दाबलं.

“सर्व सेलूकरांना कळविण्यात येते की...” आपलाच आवाज, मयताच्या सुरातला. बाया पिशव्या घेऊन थांबल्या. भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. त्रिवेणीचं नाव आलं तसं कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. अप्पा हलले नाहीत. “...कसलाही संबंध राहिलेला नाही,” भोंगा म्हणाला आणि थांबला.

आणि त्या थांबण्यातच सिद्धोधनच्या ध्यानात आलं. अरे देवा! फोल्डर!

अठरा वर्षांपूर्वी अप्पांनीच दंडक घालून दिला होता. काहीही सांगायचं असो, शेवटी आमच्या पोरीची ॲड वाजलीच पाहिजे, तिचा आवाज शुभ हाय. सात वर्षांच्या त्रिवेणीला काउंटरवर बसवून ती रेकॉर्ड केली होती. कॅसेटवरून ती सीडीवर आली, सीडीवरून पेनड्राइव्हवर. त्या फोल्डरमध्ये काहीही वाजलं की मागोमाग ती वाजायची. इतकी वर्षं रोज ऐकून ती कुणाला ऐकूच येत नव्हती, खुद्द अप्पांनाही नाही.

चार सेकंदांची फट होती. सिद्धोधनचा अंगठा बटणावर गेला. दाबलं की संपलं, अप्पांचं काम चोख झालं, कुणी बोट दाखवणार नाही. एक सेकंद गेला. त्याला सत्यशीलाचं बोलणं आठवलं. आजाच्या हातात बटण नव्हतं, आपल्या हातात आहे, आणि आपण काय करायलोय? दुसरा गेला. हे गिऱ्हाईक जाईल, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिसरा गेला.

त्यानं अंगठा काढून घेतला.

भोंग्यातून आधी खरखर आली. मग एका माणसाचा आवाज आला, तरणा, हळू, लाडाचा. “बोल गं माय. भिऊ नको. अप्पा हाय इथंच.”

तो आवाज अप्पांचाच होता. सिद्धोधनला तो कधी कापू दिला नव्हता त्यांनी.

आणि मग ती पोर, दम लागलेली, एका दमात: “आमच्या दुकानात या! साडी घ्या, धोतर घ्या! काहीच न्हाई घेतलं तरी चालतंय, पण या! आमचे अप्पा कुणालाच परत धाडत न्हाईत!”

अप्पांचे मागं बांधलेले हात सुटले. ते पायऱ्या उतरायला लागले, एक, दोन, तिसऱ्या पायरीला अडखळले. भाजीवाला धरायला धावला, तर त्यांनी त्याचा हात झटकला. तरातरा रिक्षापाशी आले. चेहरा लालबुंद. हा म्हातारा आता कानफटात देतो, सिद्धोधनच्या मनात आलं, आणि त्यानं गालही आवळून धरला.

तोवर पहिलं रेकॉर्डिंग पुन्हा लागलं. “सर्व सेलूकरांना कळविण्यात येते की...”

“बंद कर!” अप्पा ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज रस्त्यावर चढला.

सिद्धोधननं बटण दाबलं. मग त्यानं विचारलंच, “अप्पा, नुसतं थांबवलंय. कायमचं कोणतं काढू? हे, का पोरीचं?”

अप्पांनी रिक्षाचा दांडा धरला. दुकानाच्या दारात चन्नबसम्मा येऊन उभी राहिली होती, आणि आज तिच्या तोंडावर पदर नव्हता.

“हे,” ते म्हणाले. “हे काढ.”

सिद्धोधननं त्यांच्या डोळ्यांदेखत ते काढून टाकलं. पण बाजारानं ऐकलं होतं ते ऐकलं होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. अप्पांची नजर माईकवर गेली. त्यांनी तो उचलून तोंडाजवळ नेला. ओठ हलले, आवाज काही फुटला नाही.

शेवटी त्यांनी माईक सिद्धोधनच्या हातात दिला. “लोकायला सांग, लेक अन् जावई दिवाळीला घरी यायलेत,” ते म्हणाले. “तू सांगायला लाग. तवर मी तिला फोन करतो.”