मनस्विनीबाईंचा राहिलेला मान

शहरातल्या गारखेड्यात आवडाबाईंचं घर विचारलं तर कुणी गल्लीचा नंबर सांगत नाही. "जरा थांबा, आता बोलतीलच त्या," म्हणतात. आणि खरंच, आवडाबाई बोलतातच. भाजीवाल्याशी, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी, आणि टीव्हीतल्या माणसांशी तर सगळ्यात जास्त. देवानं बाईला आवाज देताना हात आखडता घेतला नाही आणि बाईनंही तो कधी झाकून ठेवला नाही.

त्या मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या. विहिणीची गाणी म्हणायला त्यांना आसपासच्या सगळ्या गावांतून बोलावणं यायचं. ज्यांनी ही गाणी ऐकली नाहीत त्यांनी एवढं समजून घ्यावं: वरमाय मांडवात येऊन बसली की मुलीकडच्या बाया तिला तोंडावर, नाव घेऊन, चालीत चिडवतात. तिचं नाक, तिचा तोरा, तिच्या नवऱ्याचं पोट, काही म्हणजे काही सोडत नाहीत. एक बाई कडवं टाकते, बाकीच्या झील धरतात, म्हणजे मागून तीच ओळ उचलतात, तोवर दुसरीला त्याहून वरचढ कडवं सुचलेलं असतं. एकटीचं गाणं नव्हेच ते. आणि शेवटी मानाचं कडवं. पाट मांडायचा, हातावर साखर ठेवायची, चिडवलेल्या बाईला सन्मानानं बसवायचं. ते झालं की आधीचं सगळं माफ.

मग डीजे आला. भिंतीएवढ्या स्पीकरपुढं बायांचा आवाज टिकणार कसा? बोलावणी कमी झाली, मग थांबलीच. आवडाबाई नवऱ्याच्या नोकरीपायी शहरात आल्या, संसार केला, सून आणली. पण चिडवायला विहीण उरली नाही म्हणून जीभ थोडीच गप्प बसते? त्यांनी टीव्हीला धारेवर धरलं.

त्यांचे यजमान आप्पासाहेब वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. 'ओटीत चांदणं' ही मालिका ते मन लावून बघत. ते इकडे डोळे पुसत आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आवडाबाई गवार मोडता मोडता चाल लावत:

विहीण झोपली पलंगावरती, नथ नाकात तशी गं,
सकाळी उठली, केस ना विस्कटला, झोप म्हणावी कशी गं!

एका संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या मोनिकानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, हे दारातूनच ऐकलं. हसून हसून तिला चप्पल काढवेना. तिनं फोन पुढं केला. "आत्या, परत म्हणा."

"काय म्हणू? तुझे सासरे आधीच फुगून बसलेत."

"म्हणा हो!"

ते रेकॉर्डिंग मोनिकानं वरच्या मजल्यावरच्या संघपालला पाठवलं. संघपाल दिवसपाळीला कंपनीतल्या मशीनवर आणि इतर वेळी कीबोर्डवर. लग्न व्हायच्या आधी चांगली सहा-सात वर्षं तो डीजेवर होता. हे कळल्यावर आवडाबाईंनी त्याला जिन्यातच गाठलं. "म्हंजे तूच व्हय तो! तुमच्या त्या धडामधुडुमनं आमचं तोंड बंद केलं!"

"मावशी, म्हणून तर आलो. तुमची गाणी मी जोडून देतो, चुकीची भरपाई करू द्या की."

आणि मग जे सुरू झालं त्याला काही सुमार राहिला नाही. आवडाबाईंनी जुन्या जोडीदारणींना फोन लावले. वेरूळला देवळाबाहेर बेलफुलं विकणारी सुरेखा, वैजापूरला मार्केट यार्डाच्या मागं राहणाऱ्या अनसूयाबाई, आणि अशाच आणखी चार-पाच. प्रत्येकीनं आपापल्या घरात एक कडवं म्हणायचं आणि पाठवायचं. पहिल्या वेळी सगळ्या निरनिराळ्या वेगानं धावल्या. संघपालनं कीबोर्डचा टकटक ठेका पाठवून पाहिला, तर सुरेखा म्हणाली, "हे घड्याळ ऐकू का गाणं म्हणू?" शेवटी त्यानं आवडाबाईंच्या नुसत्या टाळ्या रेकॉर्ड करून सगळ्यांना धाडल्या. एका कानात टाळ्या आणि तोंडात गाणं. बाया अशा जुळल्या की जणू एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्यात!

सुरेखाच्या कडव्यात कुकरची शिट्टी आली. संघपालनं ती काढली नाही, उलट प्रत्येक ओळीच्या शेवटी लावली. अनसूयाबाईंच्या मागं कांद्याचा लिलाव चालला होता, तो झीलमध्ये गेला. चॅनेलचं नाव ठेवलं 'मांडवातल्या बाया'. त्यांनी मालिकेतल्या सासवांना झोडलं, अर्धं वय सरलं तरी कॉलेजात जाणाऱ्या हिरोंना झोडलं, हळदीला आलेल्या ड्रोनला झोडलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. रिक्षावाले आवडाबाईंना ओळखून म्हणू लागले, "अम्मा, वो कुकरवाला गाना तुम्हीच गाते ना? बैठो, बैठो!"

असं सगळं रंगात आलेलं असताना मनस्विनी टेंभेकरांचं कडवं झालं.

मनस्विनी म्हणजे 'ओटीत चांदणं'चं शीर्षकगीत गाणारी गायिका. गोड गळ्याची, पण त्या गीतात तिचा एक आलाप असा लांबतो की घरातली कामं आटोपून घ्यावीत. आवडाबाईंनी तिला नाव घेऊन धरलं:

मनस्विनीनं 'आऽऽ' जो लावला, मी गेले गं गिरणीत,
दळण झालं, भाकरी झाल्या, बाई अजून त्याच ओळीत!

झील, शिट्टी, लिलाव, सगळं जमलं. आणि शेवटी रीतीप्रमाणं मानाचं कडवंही म्हटलं. पण गाणं लांबलं. मोनिका म्हणाली, "आत्या, रीलमध्ये एवढं बसत नाही. शेवट कापते."

आता आवडाबाईंनी इथं हात धरायला हवा होता. पण मागच्या रीलवर आलेले आकडे त्यांच्याही डोक्यात गेले होते. "काप," म्हणाल्या. "मानाचं काय, कुणी ऐकतंय?"

रील तुफान गेलं. चार दिवसांनी आप्पासाहेब फोन घेऊन स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी तो ओट्यावर ठेवला. पडद्यावर मनस्विनी. मेकअप नाही, केस तसेच बांधलेले. ती कुणावर चिडली नव्हती. एवढंच म्हणाली की लोक आता तिच्या प्रत्येक गाण्याखाली 'गिरणी, गिरणी' लिहितात, म्हणून तिनं मालिकेवाल्यांना तो आलाप काढून टाकायला सांगितलंय. आणि कार्यक्रमातही ती आता आलाप घेणार नाही.

"रडवलंस तू तिला," आप्पासाहेब म्हणाले.

आवडाबाईंनी गॅस बंद केला आणि तिथंच स्टुलावर बसल्या. त्यांना डीजेपुढं बसलेल्या बाया आठवल्या, ओठ हलतायत आणि आवाज पोचत नाही अशा. आपलं तोंड बंद झालं तेव्हा आपण किती शिव्या मोजल्या होत्या, आणि आज आपणच एका गाणाऱ्या बाईचं तोंड बंद केलं!

मोनिकाचा चेहरा उतरला. तिनं लगेच पूर्ण गाणं मानाच्या कडव्यासकट टाकलं. पण ते बघायला कोण येतंय? रील पुढं पळत राहिलं.

"तसं नाय होत, माय," आवडाबाई म्हणाल्या. "मान फोनवर नाय देत. समोर बसवून द्यावा लागतो. तिचा मान राहिलाय माझ्याकडं. तो दिल्याबिगर मी गायला तोंड उघडायची नाय."

आणि उघडलं नाही. महिना गेला. पुढचं गाणं अर्धवट पडलं. वेरूळहून, वैजापूरहून कडवी येऊन पडली, पण मधली आवडाबाईंची जागा रिकामी. घर इतकं शांत झालं की भाजीवाला दारात थांबून विचारू लागला, "सगळं ठीक ना?"

मग एक दिवस संघपाल जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आला. "मावशी! रविवारी! निराला बाजारला साडीच्या दुकानाचं उद्घाटन! पाहुणी कोण सांगा?"

सांगायची गरजच नव्हती. आवडाबाई उठल्या आणि माळ्यावरचा पाट काढायला लागल्या.

रविवारी सेंट्रल बसस्टँडवर त्या आणि मोनिका बायांना घ्यायला गेल्या. गंमत अशी की एकेक जण निराळ्या गावच्या मांडवातली, त्यामुळं इतकी गाणी झाली तरी बाकीच्या बाया एकमेकींना कधी भेटलेल्याच नव्हत्या. गंगापूरकडच्या बाईनं वैजापूरच्या बसमधून उतरणाऱ्या अनसूयाबाईंना "सरका की जरा" म्हटलं मात्र, अनसूयाबाई जागीच थांबल्या. "थांब! ड्रोनचं कडवं तुझंच ना गं?" आणि फलाटावरच गळाभेट! मग एकेकीनं तोंड उघडायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. सुरेखा बेलफुलाची टोपली घेऊनच आली होती, ती नुसतं "आले बया" म्हणाली तर सगळ्या एका सुरात ओरडल्या, "कुकर!" कंडक्टरसुद्धा तिकिटाचं मशीन खाली धरून हसत उभा राहिला.

दोन रिक्षा केल्या. आवडाबाईंच्या मांडीवर पाट, पिशवीत हळदीकुंकू, साखर आणि खण. त्या हसल्या नाहीत. "ती पाटावर बसलीच नाही तर?" त्यांनी मोनिकाला विचारलं. मोनिकानं त्यांचा हात दाबून धरला.

निराला बाजारात ही गर्दी! दुकानापुढं लाल गालिचा, फुगे, आणि डीजे असा की छातीत धडधडत होतं. दारावरच्या माणसानं हात आडवा केला. "अम्मा, ये पाटा लेके कां चले? नक्को, नक्को, पीछे हटो."

तेवढ्यात मागून आलेल्या संघपालला डीजेच्या गाडीवर जुना सोबती दिसला. "कचरू! अरे बंद कर दोन मिनिटं!"

"येडा झाला का? मालक हाणंल मला!"

"हाणू दे. माझी मावशी गाणार हाय."

कचरूनं आवडाबाईंकडं पाहिलं, ओळखलं, आणि बटण फिरवलं. एकदम अशी शांतता पसरली की लोक वळून बघू लागले. त्या शांततेत बायांनी टाळी धरली. गर्दीनं आपोआप वाट दिली. आवडाबाईंनी लाल गालिच्याच्या मधोमध पाट मांडला.

मनस्विनी कात्री हातात घेऊन दारात उभी होती. तिनं आवडाबाईंना ओळखलं आणि तिचा चेहरा ताठ झाला. चारी बाजूंनी फोन वर गेले. आता भांडण होणार म्हणून लोकांचे डोळे चमकले. आवडाबाईंचा महिनाभर न गायलेला आवाज पहिल्या शब्दाला खरखरला:

बोल बोलले हसण्यापायी, विहीणबाई रागवू नका,
पाट मांडिला, साखर आणली, मान घेतल्याविना जाऊ नका!

मागून बायांनी झील उचलली. मनस्विनी हलली नाही. गाणं संपलं, टाळी थांबली, तरी ती उभीच.

"हे तर रीलमध्ये नव्हतं," ती म्हणाली.

"व्हय. कापलं आम्ही. माझी चूक हाय ती, सुनेची नाय. समोर बसवून द्यायचं ते आम्ही गिळून टाकलं. म्हणून आलो."

मनस्विनीनं कात्री कुणाच्या तरी हातात दिली. गालिच्यावरून चालत ती पाटाजवळ आली, पण बसली नाही. "मग आधीचंही समोरच म्हणा ना," ती म्हणाली. "ते गिरणीचं. माझ्या पाठीमागं सगळ्या महाराष्ट्रानं म्हटलं, माझ्या तोंडावर एकानंही नाही."

आवडाबाईंनी मोनिकाकडं पाहिलं. मोनिकानं मानेनं होकार दिला. मग मात्र बाईंनी पदर खोचला. कडवं टाकलं ते हातवाऱ्यांसकट, दळणाचा डबा कमरेवर घेऊन चालल्यासारख्या ठुमकत. सुरेखानं तोंडानंच कुकरची शिट्टी वाजवली. मनस्विनीनं ओठ घट्ट मिटून धरले होते. ते सुटले. ती फसकन हसली, तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता दणकन पाटावर बसली. आवडाबाईंनी तिला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली, ओटीत खण घातला.

"झालं? फिटला मान?" मनस्विनीनं विचारलं.

"नाय. तुमचा 'आऽऽ' कुठाय?"

"तो मी सोडलाय."

"मग धरा. इथंच. त्याबिगर मी उठू देणार नाय."

"इथं? काही साथ नाही, माईक नाही..."

"ह्या काय मेल्यात का सगळ्या?" आवडाबाईंनी मागच्या बायांकडं हात केला आणि टाळी सुरू झाली.

मनस्विनीनं डोळे मिटले. पहिला सूर कापरा निघाला, मध्येच तुटला. कुणीतरी मागून 'गिरणी' म्हणालं, तर अनसूयाबाईंनी वळून त्याच्याकडं असं पाहिलं की तो गर्दीत दिसेनासा झाला. दुसऱ्या वेळी सूर लागला. मग वर चढला, वळला, आणखी वर गेला. स्पीकरशिवाय, नुसता. कचरू गाडीवरून खाली उतरून ऐकू लागला. आता संपेल, आता संपेल असं वाटत होतं आणि संपत नव्हतं. श्वास पुरेना तसे तिचे खांदे ताणले गेले.

"लांबव, माय!" आवडाबाई ओरडल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "अजून लांबव!"

मनस्विनीनं श्वास घेतला. तेवढ्या श्वासापुरती आलापात फट पडणार होती, ती आवडाबाईंनी पडू दिली नाही. तोच सूर त्यांनी खालून उचलून धरला, आणि बाकीच्या बायांनी त्यांच्या मागून.